व्हिएतनाममध्ये रस्त्यावर खायचं तर: एका पोळी-भाजीवालीच्या खुणा

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. 19 वर्षं झाली. रोजच्या चारेकशे पोळ्या, दोन सुक्या भाज्या, एक रस्सा, संकष्टीला मोदक. हा धंदा अंगात मुरला की माणूस बिघडतो. परगावी गेलं तरी देवळं बघायची सोडून मी खानावळीचं पातेलं केवढं, भांडी कोण घासतंय, सकाळी केलेलं किती वाजता संपलं, हेच बघत उभी राहते.

2024 च्या नोव्हेंबरात आम्ही दोघी जावा पंधरा दिवस व्हिएतनामला जाऊन आलो. वरून खाली: हनोई, ह्वे, होई आन आणि सायगॉन. सायगॉनचं सरकारी नाव 1976 पासून हो ची मिन्ह सिटी आहे, पण तिथली माणसं बोलताना सायगॉनच म्हणतात. वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, 63 वर्षांच्या. गळ्यात माळ, कांदा-लसूणही वर्ज्य. मी वेंगुर्ल्याची माहेरवाशीण. मासे, कोंबडी चालते, गोमांस खात नाही. डुक्कर आयुष्यात पहिल्यांदा हनोईत खाल्लं, तेही वहिनींच्या नजरेला नजर न देता.

आल्यापासून केंद्रावर निम्मी गिऱ्हाइकं विचारतात, "तिथं खाल्लंत तरी काय?" पोळ्या बांधता बांधता एवढं सांगून होत नाही, म्हणून बसून लिहिलं.

आधी घड्याळ, मग पत्ता

जाताना भाच्याने मला बावीस दुकानांची यादी करून दिली होती. चांगल्या खानावळी निवडून तारे देणारी मिशेलिनची मार्गदर्शिका 2023 मध्ये हनोई आणि सायगॉनला पोचली, 2024 मध्ये दा नांग शहरालाही. त्यातली बरीच नावं यादीत होती. दोन दिवस यादीप्रमाणे फिरलो आणि दोन दिवस चुकीच्या वेळी पोचलो. तिसऱ्या दिवशी यादी पर्समध्ये तळाला गेली.

तिथं एका दुकानात बहुतेक एकच पदार्थ असतो, फार तर दोन. आणि त्या पदार्थाची एक वेळ असते. फ हे त्यांचं रश्शातल्या तांदळाच्या शेवयांचं प्रकरण (म्हणताना प्रश्न विचारल्यासारखा सूर वर न्यायचा, "फऽ?") मुख्यतः सकाळचं. हाडांचा रस्सा रात्रभर मंद शिजतो. त्यात चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलदोडा, आणि थेट विस्तवावर भाजलेलं आलं नि कांदा. सहा वाजता तो रस्सा ऐन भरात असतो. साडेनऊला चांगल्या दुकानाचं पातेलं तळाला लागलेलं असतं. कुठं कुठं संध्याकाळी दुसरा घाणा निघतो, पण सकाळची सर नाही. बून चा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस आणि शेवया, ते हनोईचं दुपारचं जेवण. अकरा ते दीड. नंतर दुकानदारीण स्टुलं एकावर एक रचून तिथंच वामकुक्षी घेते, अगदी पुण्याच्या पेठेत घेतील तशी. तीन-चारला गोड आणि किरकोळ तोंडात टाकायचं. दिवेलागणीला शिंपल्या, गोगलगायी, भाजलेली मक्याची कणसं. रात्री उशिरा पेज. हो, पेजच. 'चाव' म्हणतात तिला, आणि आपल्यासारखीच आजाऱ्यालाही देतात.

हा नियम मी स्वतः एकदा मोडला. ह्वे शहरात दुपारी साडेतीनला भूक लागली म्हणून एका रिकाम्या दुकानात बसले. शेवया एकमेकींना चिकटलेल्या, पानांच्या कडा काळ्या पडलेल्या. माझ्याकडे असं कुणी वाढलं असतं तर मी मुलीला ओरडले असते. तरी खाल्लं. रात्रभर संडासात होते. पंधरा दिवसांत पोट बिघडलं ते तेवढं एकदाच, आणि दुकानाचा दोष कमी, माझा जास्त. अवेळी गेले ती मी.

आणखी एक: तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या मधे केव्हातरी येतं. त्या आठवड्यात जाऊ नका. सगळे आपापल्या गावी गेलेले असतात, बऱ्याच चुली बंद.

पाटी वाचायला शिका

त्यांची लिपी रोमनच आहे, वर नि खाली टिंबं-टोप्या. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पाटीवर पहिला शब्द रूप सांगतो, दुसरा आत काय आहे ते. 'फ' चपट्या शेवया, 'बून' गोल शेवया, 'म्येन' पारदर्शक शेवया, 'मी' गव्हाच्या, 'कऽम' भात, 'सोय' चिकट तांदूळ वाफवलेला, आणि 'बान्ह' म्हणजे पिठाचं जे काही असेल ते: पाव, घावन, केक, वडी, सगळं बान्हच. मग 'गा' आलं तर कोंबडी, 'का' मासा, 'तोम' कोळंबी, 'बो' गाय-बैल. डुकराला उत्तरेत 'लन' आणि दक्षिणेत 'हेव'. तुम्ही बीफ खात नसाल तर हनोईत 'फ गा' विचारा, भरपूर मिळतं. सांगतात की 1939 च्या सुमारास आठवड्यात दोन दिवस बीफ विक्रीला बंदी होती, तेव्हा लोकांनी कोंबडीचं फ सुरू केलं.

कुत्र्याच्या मांसाची भीती सगळ्यांना असते, मलाही होती. ते विकणारी दुकानं वेगळी असतात आणि पाटीवर तसं लिहिलेलं असतं: 'थित चो'. चुकून ताटात येत नाही, महाग असतं ते.

उच्चाराच्या भानगडीत आमची फजिती झाली ती ऐका. उत्तरेत चहाला 'चा' म्हणतात. वहिनी खूश, परदेशात मराठी! पण भाजलेल्या मांसाच्या वड्यांनाही 'चा' म्हणतात, फक्त सूर वेगळा. आणि शाकाहाराला म्हणतात 'चय', जे आपल्या कानाला चाय ऐकू येतं. म्हणजे माळकरी बाईने गडबडीत चहा मागितला तर समोर डुक्कर येऊ शकतं, आणि चाय मागितली तर टोफू, म्हणजे सोयाचं पनीर. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तोंडावर विसंबणं सोडलं. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीकडून एका पुठ्ठ्यावर पाच ओळी लिहून घेतल्या: मी शाकाहारी आहे, मांस, मासे, अंडं नको, माशाच्या सॉसऐवजी सोया सॉस द्या, कांदा-लसूण नको, किती झाले? फोनचा भाषांतरवाला कॅमेरा चालतो, पण रस्सा ढवळणाऱ्या बाईला फोन वाचायला वेळ नसतो. पुठ्ठा ती मान वळवून वाचते.

दुकान पारखताना

मी चार गोष्टी बघते आणि त्यातली एकही गर्दी नाही. गर्दी आमच्यासारख्या पाहुण्यांचीच असली तर तिचा उपयोग शून्य. कोण खातंय ते बघा. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली ऑफिसची माणसं, दप्तरासकट पोरं, स्कूटरवर बसूनच पार्सलची वाट बघणाऱ्या बायका. ही रोजची गिऱ्हाइकं. रोजच्या गिऱ्हाइकाला शिळं देऊन धंदा चालत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मग पानांची टोपली. व्हिएतनाममध्ये जवळजवळ प्रत्येक पदार्थाबरोबर कच्ची पानं येतात: सॅलडची पानं, पुदिना, कोथिंबीर आणि जांभळट देठाचं एक पान, जे बघून वहिनींनी हात जोडले. ती तुळस नव्हे, आपला सब्जा. पानं टवटवीत आणि पाणी झटकलेली असली की बाकी स्वयंपाकघराबद्दल मी निश्चिंत होते. तिसरं, भांडी किती पाण्यांतून निघतात. दोन टोपांतून निघत असतील तर ठीक, एकाच गढूळ टोपात सगळं बुडत असेल तर पुढं चला. चौथं, पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात वेगळा आहे का.

बर्फाचं म्हणाल तर मधे भोक असलेल्या नळकांड्या कारखान्यातून येतात. त्या घातलेला उसाचा रस आम्ही रोज प्यायलो. रसात लिंबाऐवजी छोटं आंबट संत्र्यासारखं फळ सालासकट पिळतात. आपल्या रसवंतीवाल्यांनी करून बघायला हरकत नाही.

आता एक हात जवळून दाखवते. हनोईच्या जुन्या पेठेत एका बोळाच्या तोंडाशी बान्ह कुऑन करणारी बाई बसत असे. मोठ्या पातेल्यात पाणी उकळतंय, तोंडाला पातळ कापड ताणून बांधलंय, ढोलकीसारखं. तांदळाचं पीठ, आंबोळीपेक्षाही पातळ, जवळजवळ दुधासारखं. एक पळी कापडावर, पळीच्याच बुडाने दोन गोल फेरे, वर झाकण. मी मनात दहा मोजले नाहीत तोच झाकण उघडलं. मग बांबूची लांब चपटी पट्टी कापडाला घासून आत सारली आणि ती ओली, आरपार दिसणारी पोळी पट्टीवर लटकत उचलली, जशी आपण वाळत घातलेली साडी दांडीवरून उचलतो. तेल लावलेल्या ताटलीवर उलगडली, मधे डुकराचा खिमा नि काळे कानाएवढे अळंबे, गुंडाळी, कात्रीने तुकडे, वर तळलेला कांदा. पोळी फाटली नाही. अर्धा तास उभी होते, एकही फाटली नाही. मी हातानेच तिला 'एक मला करू दे' अशी खूण केली. तिने पळी दिली. माझी पहिली पोळी पट्टीवर दुमडून लगदा झाली, दुसरीला भोक पडलं. रोज चारशे लाटणारी बाई मी! तिने ती भोकाची पोळी वाया घालवली नाही, मलाच वाढली. वहिनींना सारण न घालता दिली, कांदा न टाकता, सोबत माशाच्या सॉसऐवजी सोया सॉस. त्या सकाळच्या दोन प्लेटींचे सत्तर हजार घेतले.

सत्तर हजार?

दचकू नका. त्यांच्या चलनात, डोंगमध्ये, शून्यं फार. शेवटची तीन शून्यं झाका, उरलेल्याची तिप्पट करा, वर थोडे मिसळा, आपले रुपये आले. पन्नास हजार म्हणजे एकशे साठ-सत्तर रुपये. पाटीवर बऱ्याचदा नुसतं 50 लिहून पुढं 'के' असतं. सकाळी फ, दुपारी भात, मधे कॉफी, रात्री काहीतरी हलकं असं धरून आम्हाला माणशी दिवसाला तीन लाखांच्या आत खाता आलं. हे वाक्य मी घरी फोनवर मोठ्याने म्हणून घेतलं.

सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा, आणि वीस हजाराची नोट निळी, पाच लाखाचीही निळसरच. संध्याकाळच्या उजेडात मी एका बान्ह मीवालीला, म्हणजे भरलेल्या पाववालीला, वीसची म्हणून पाच लाखाची दिली आणि पाव घेऊन चालू लागले. ती गाडी सोडून मागे धावत आली, नोट नाचवत, बहुधा माझ्या बावळटपणाबद्दल काहीतरी बोलत. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा, सगळीकडे धावत येणारी बाई असेलच असं नाही. कारण त्याच हनोईत तळ्याकाठी एका फळवालीने वहिनींच्या खांद्यावर प्रेमाने आपली कावड ठेवली, डोक्यावर टोपी घातली, फोटो काढा म्हणाली, आणि मग अननसाच्या चार फोडींचे दोन लाख मागितले. खांद्यावर कुणाला काही ठेवू देऊ नका. भाव आधी विचारायचा: "बाव न्येऊ?" उत्तर कॅलक्युलेटरवर येतं.

बसायला वीतभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं. गुडघे दुखत असतील तर भिंतीकडेची जागा धरा, उठताना आधार होतो. टेबलावर आधीच ठेवलेल्या वस्तू फुकट समजू नका. फ सोबतच्या तळलेल्या कणकेच्या कांड्या मोजून लावतात, दक्षिणेत ओल्या रुमालाचं पाकीटसुद्धा फोडलंत की बिलात येतं. पानांची टोपली मात्र सहसा परत भरून देतात. चॉपस्टिक कागदाने पुसून घ्यायची रीत आहे, कुणाचा अपमान होत नाही.

हाक कशी मारायची? इथं मराठी माणसाला काही शिकावं लागत नाही. तेही नात्यानेच हाक मारतात. वाढणारी पोरगी असेल तर "एम अऽय", म्हणजे अगं धाकटे. आपल्याहून थोडी मोठी बाई "ची अऽय", ताई. दादा माणूस "आन्ह अऽय", मावशी-आत्याच्या वयाची "को अऽय". तो 'अऽय' अगदी कोल्हापुरी वाटतो. वहिनींनी पहिल्यांदा एका पंचवीस वर्षांच्या मुलीला "को अऽय" म्हटलं आणि सगळं दुकान हसलं. वय अंदाजाने थोडं कमीच धरावं, हा नियम तिथंही लागू आहे. पैसे द्यायचे झाले की "तिन्ह त्येन".

माळकऱ्यांसाठी

सी, एच, ए, वाय. ही चार अक्षरं पाटीवर दिसली की आत शिरायचं. ही बौद्ध शाकाहारी दुकानं, आणि त्यांतल्या पुष्कळांत कांदा-लसूणही नसतो, कारण बौद्ध भिक्षूंनाही तो वर्ज्य. मुंबईतल्या उडप्याकडे वहिनींना जेवढे प्रश्न विचारावे लागतात तेवढेही इथं लागले नाहीत. मात्र 'चय' नसलेल्या साध्या दुकानात 'भाजीच आहे' म्हणाले तरी रस्सा हाडांचा किंवा भाजीत माशाचं सॉस असतंच असं धरून चाला. नाळीची भाजी, जी त्यांच्याकडे 'राव मुअंग', घरोघरी आहे, पण लसूण ढीगभर आणि बऱ्याचदा ते सॉस. सोया सॉसला उत्तरेत 'सी झाऊ', दक्षिणेत 'नुअक तुअंग'.

धक्का एवढाच की ही दुकानं टोफू आणि सोयाचं मांस बनवतात, आणि हुबेहूब. हनोईत वहिनींच्या ताटात सोयाची कोंबडी आली, सुरकुतलेल्या कातडीसकट. "हे शाकाहारी आहे म्हणून काय झालं, ह्याला डोळे तेवढे लावायचे राहिलेत," म्हणाल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं. तेव्हा भाज्या, साधा टोफू आणि अळंबे बोटाने दाखवून घ्या.

आता योग बघा. 12 नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी, आम्ही हनोईत. उपासाला काय, या चिंतेत मी होते. संध्याकाळी फुटपाथवर एक आजी शेगडीवर रताळी भाजत बसलेली! नोव्हेंबरात हवा गार व्हायला लागते तशी हनोईत ती सगळीकडे दिसतात. वहिनींनी तीन खाल्ली. मग 15 तारखेला त्रिपुरी पौर्णिमा, तेव्हा ह्वेमध्ये. पुष्कळ व्हिएतनामी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपली अमावस्या आणि पौर्णिमा धरा, शाकाहार पाळतात. ह्वे तर जुनी राजधानी, पॅगोडांचं गाव. एरवी मांस विकणाऱ्या गाड्यांवरही त्या दिवशी 'चय'ची पाटी लागलेली. जमलं तर प्रवासाच्या तारखा पंचांग बघून काढा, गंमत नाही करत.

काय चुकवू नये

सगळं सांगत बसत नाही, मला जे राहून राहून आठवतं ते.

हनोईत 'चा का'. मासा हळदीत मुरवून, मग टेबलावरच्या तव्यात तेलात परततात आणि वर मूठ मूठ शेपू टाकतात. होय, शेपू. आपल्याकडे ज्या भाजीवरून घरात भांडणं होतात तीच. तिथं ती तेलात दोन मिनिटांत नरम पडते आणि माशाला असा वास लावते की शेपूद्वेष्ट्या माझ्या नवऱ्याला खाऊ घालावासा वाटला. याच नावाची आख्खी गल्ली आहे जुन्या पेठेत.

'बून दाऊ माम तोम' म्हणजे तळलेला टोफू, शेवयांच्या वड्या आणि कोळंबी आंबवून केलेली जांभळी चटणी. वासाने परदेशी पाहुणे पळतात. मला वेंगुर्ल्याच्या आजीचा सुकटीचा डबा आठवला. चटणीत साखर नि आंबट पिळून चॉपस्टिकने फेस येईपर्यंत फेटतात, मग वास जिभेवर वेगळाच होतो. वहिनी शेजारच्या दुकानात जाऊन बसल्या.

बून चा ज्या दुकानात 2016 च्या मे महिन्यात ओबामा आणि टीव्हीवर खाण्याचे कार्यक्रम करणारे अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेन जेवले, तिथं त्यांचं टेबल आता काचेत ठेवलंय. बघायला जा हवं तर. पण हनोईत बून चा शोधायचं साधन नाक आहे: अकरा वाजता धूर जिकडून येतो तिकडे जायचं. फुटपाथवर पंखा लावून निखारे फुलवलेले असतात.

अंड्याची कॉफी. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या झांग नावाच्या माणसाने दुधाऐवजी पिवळा बलक साखरेत फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या घरच्यांचं झांग कॅफे अजून चालू आहे, अरुंद बोळातून आत जावं लागतं. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात. मला ती कॉफी कमी आणि श्रीखंड जास्त वाटली, पण दोनदा प्यायले.

ह्वेमध्ये नोव्हेंबरचा पाऊस धो धो. छपराखाली बसून तव्यावरची घावनं खाल्ली, तिथं त्यांना 'बान्ह ख्वाय' म्हणतात. दक्षिणेत त्यांचीच मोठी बहीण 'बान्ह सेव': तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. 'सेव' हा पीठ तव्यावर पडताना होणारा आवाज. आपण चर्र म्हणतो, ते सेव म्हणतात. तुकडा मोडायचा, मोहरीच्या पानात पुदिन्यासकट गुंडाळायचा, बुडवायचा. काट्याने खाऊ नका, हाताने खा, तेही तसंच खातात.

होई आनमध्ये पिवळ्या भिंतींचे फोटो काढून झाले की 'काव लाऊ' खा, शाकाहारीही मिळतं. जाड, किंचित चिवट शेवया, राखेच्या पाण्यात केलेल्या. त्या खऱ्या तर गावातल्या बा ले विहिरीच्याच पाण्याच्या, असं तिथले सांगतात. आमच्या मालवणीत प्रत्येक गावच्या विहिरीबद्दल असंच सांगतात.

पावाबद्दल एकच. आपल्याला पाव पोर्तुगीजांनी दिला, त्यांना फ्रेंचांनी, आणि दोघांनी त्यात आपापला मसाला भरला. 'बान्ह मी' सकाळी घ्या, पाव कुरकुरीत असेपर्यंत.

सायगॉनचे बोळ आणि कण्या

सायगॉनमध्ये पत्ता भागाकारासारखा येतो: 284/25. म्हणजे 284 नंबरशेजारून जो बोळ, 'हेम', आत जातो त्यातलं 25 वं घर. दोन तिरक्या रेषा असल्या तर बोळातला बोळ. चांगलं खाणं तिथं. रस्ता ओलांडताना मोटारसायकलींच्या लोंढ्यात एका संथ चालीने चालत राहायचं, थांबायचं नाही, धावायचं तर नाहीच. वहिनी विठ्ठलाचं नाव घेत ओलांडायच्या, त्यामुळे चाल आपोआप वारीची पडायची.

तिथलं लाडकं अन्न 'कऽम ताम', म्हणजे कणीचा भात. गिरणीत तुटलेला तांदूळ, एकेकाळी गरिबाचा. आपल्याकडच्या कण्याच. आता त्यावर भाजलेलं मांस, अंड्याची वडी, पातीच्या कांद्याचं तेल घालून सगळं शहर खातं.

पण मला विचाराल तर दुपारी साधी भाताची खानावळ शोधा, 'कऽम बिन यान'. काचेमागे वीस-पंचवीस परातींत कालवणं मांडलेली, बोटाने दाखवायचं, भातावर वाढून देतात. कारलं भरून, टोमॅटोत टोफू, मडक्यात आटवलेला मासा, चिंचेचं आंबट सार. मेनूकार्ड नाही, भाव बाई ताटाकडे एक नजर टाकून सांगते. चाळीस हजार, पंचेचाळीस हजार.

एका हेममधल्या अशा खानावळीत आम्ही तीन दिवस लागोपाठ गेलो. मालकीण साधारण माझ्याच वयाची. साडेअकरा ते एक तिला मान वर करायला फुरसत नाही. एका हातात पळी, दुसऱ्या हाताने डबे बंद करणं, तोंडाने आत हुकूम. साडेबाराला कुठली परात संपणार ते तिला आधीच ठाऊक असायचं, दुसरी भरून आलेलीच असायची. आमच्याकडे हे मला दहा वर्षांनी जमायला लागलं.

तिसऱ्या दिवशी एकनंतर गेलो, मुद्दाम. ती पाय लांब करून बर्फाचा चहा पीत होती. मी फोनमधला माझ्या केंद्राचा फोटो दाखवला: ओट्यावर पोळ्यांची चळत, मागे तीन बायका लाटताना. तिने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. चळतीवर बोट ठेवून म्हणाली, "बाव न्येऊ?" मी कॅलक्युलेटरवर बारा रुपयांचे डोंग करून दाखवले, छत्तीसशे. तिने शून्य राहिलं असेल म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही, एवढेच. तिने आत ओरडून आकडा सांगितला. दोन पोरी हात पुसत बाहेर आल्या, मग एक म्हातारीही आली. चौघींनी फोटो बघितला, पोळ्या मोजायचा प्रयत्न केला. मग मालकिणीने कॅलक्युलेटर स्वतःकडे ओढला, काहीतरी वाढवून पाच हजार केले आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला.